दिवसभर घरी कोण असतं?

"पग फ्लॅटला उत्तम," असं त्या कागदावर पहिल्याच ओळीत होतं. खाली आणखी नऊ जाती आणि प्रत्येकीपुढे चांदण्या काढलेल्या. कागद नीट घडी करून प्लास्टिकच्या पिशवीतून आणला होता. तो माझ्या टेबलावर ठेवून समोरचा तरुण इतक्या आशेनं माझ्याकडे बघू लागला की मला हसू आवरेना.

"हे कुठून उतरवून आणलंत?"

"इंटरनेटवरून. आम्ही दोघंही नोकरी करतो, सहाव्या मजल्यावर राहतो. म्हटलं, कुठली जात जमेल ते आधी बघावं."

"जात बघायची तर वधू-वर सूचक मंडळात जा," मी म्हणाले. "इथे आधी तुमची चौकशी होते, मग कुत्र्याची."

तो हसला. शेजारी बसलेली त्याची बायको मात्र हसली नाही. ती माझ्यामागच्या पिंजऱ्यांकडे बघत होती. त्याचं नाव हृषीकेश गायधनी, सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. तिचं केतकी, बँकेत नोकरीला. दोघांनीही तिशी नुकतीच ओलांडलेली. दोघांच्याही डोळ्यांखाली काळं झालं होतं. नोकरीची दगदग, मी मनात म्हटलं.

या गोष्टीला आता तेरा वर्षं होतील. लोकांनी सोडून दिलेल्या कुत्र्यांसाठी एका डॉक्टरांनी नाशिकबाहेर आपल्या मळ्यात निवारा काढला होता. मी, कमल उपासनी, शाळेच्या ऑफिसात चौतीस वर्षं काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि तिथे जाऊन बसू लागले. डॉक्टरांना कुत्री कळत, माणसं कळत नसत. कोणी गोड बोललं की ते कुत्रं देऊन टाकत आणि महिन्याभरात ते परत येई. मी फॉर्म आणला. एकोणीस प्रश्न, घरातल्या सगळ्यांच्या सह्या, मग घरी भेट, मग कुत्रं. शाळेत मुख्याध्यापकसुद्धा मला वचकून असत, तर इथल्यांची काय कथा. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याला काय म्हणायचंय ते मला कळतं, असा माझा समज होता. त्याचा मला चांगलाच अभिमान होता.

"पगला आपला उन्हाळा सोसत नाही, धाप लागते," मी हृषीकेशला म्हणाले. "पिल्लू घ्याल तर दर दोन तासांनी त्याला बाहेर न्यायला माणूस लागतं. लॅब घ्याल तर रोज तासभर पळवावा लागतो, नाही तर तो तुमचा सोफा खातो. घरी किती वाजता येता?"

"सव्वासहा," दोघंही एकदम म्हणाले.

"मग तुम्हाला मोठं झालेलं, शांत, भुंकून बिल्डिंग डोक्यावर न घेणारं कुत्रं पाहिजे. त्याला कोणी चांदण्या देत नाही."

तेवढ्यात केतकी उठली आणि शेवटच्या पिंजऱ्यापाशी जाऊन फरशीवर बसली. त्या पिंजऱ्यात सुंठी होती.

सुंठी गावठी, चार वर्षांची, सुंठीच्याच रंगाची. एक कान उभा, एक पडलेला. भुंकायची नाही, घरात घाण करायची नाही, दिलेलं खायची आणि माणसाच्या पायाशी पडून राहायची. फ्लॅटसाठी याहून चांगलं कुत्रं शोधून सापडलं नसतं. तिला एकच गोष्ट सोसत नसे, एकटं राहणं. आधीच्या घरच्यांनी तिला दोन वर्षं रोज दिवसभर कुलपात ठेवलं होतं. ती ओरडली नाही, म्हणून शेजाऱ्यांना कळलंही नाही. दार ओरबाडून ओरबाडून तिची नखं मुळापासून निघाली तेव्हा ते तिला आमच्या गेटवर सोडून गेले. त्या पंजांना महिनाभर मी मलम लावलं आहे. सुंठी पुन्हा कुलपाआड जाणार नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. माझ्याच घरी नेली असती, पण मी भावाकडे राहते आणि वहिनीला कुत्र्याची सावलीसुद्धा चालत नाही.

आदल्याच आठवड्यात तिच्यासाठी एक सिस्टर येऊन गेल्या होत्या. पुष्पलता खैरनार, एका खासगी दवाखान्यात नर्स, सिडकोत एकट्या राहणाऱ्या. सुंठी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपूनच गेली होती. मी फॉर्म पुढे ओढला. सातवा प्रश्न होता, दिवसभर घरी कोण असतं आणि कुत्रं किती तास एकटं राहील?

"ड्यूटी बारा तासांची आहे बाई, आठ ते आठ," सिस्टर म्हणाल्या. "पण..."

"बारा," मी लिहिलं. "आमचा नियम चार तासांचा आहे, सिस्टर. पण तुम्ही खरं सांगितलंत, हे मला आवडलं."

त्यांनी पदर सुंठीखालून सोडवून घेतला. मग सुंठीचं डोकं हलकेच बाजूला ठेवून निघून गेल्या. आपण कुत्रीला वाचवलं या समाधानात मी त्या दिवशी एक पोळी जास्त खाल्ली.

आता केतकीनं जाळीतून बोटं आत घातली होती आणि सुंठी ती चाटत होती.

"हीच," केतकी म्हणाली. आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली होती.

"घर बघितल्याशिवाय आणि दिवसभर घरी कोण असतं ते कळल्याशिवाय मी हो म्हणत नाही," मी सांगितलं.

मी घर बघायला गेले तो मार्गशीर्षातला रविवार होता. पाथर्डी फाट्याजवळची नवी इमारत, सहावा मजला, हॉल आणि दोन खोल्या. गॅलरीला जाळी, दारापाशी चपलांचं कपाट, सगळं लख्ख. आतल्या एका खोलीच्या दाराला पडदा होता आणि पडद्यामागून नामजप ऐकू येत होता. बाईमाणसाचा बारीक, संथ आवाज. उदबत्तीचा वासही येत होता. उंबऱ्यातच माझं मन बसलं.

चहा आला. मी फॉर्म उघडला. सहा प्रश्न भराभर झाले.

"सातवा," मी म्हणाले. "दिवसभर घरी कोण असतं?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. केतकीनं पडद्याकडे नजर टाकली आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "हृषीच्या आई देवघरी..."

"अहो, ऐकू येतंय की मला! जपाला बसल्यात ना? बसू देत. माझ्यासाठी अजिबात उठवू नका. किती वेळ चालतो त्यांचा?"

"ते..." हृषीकेश म्हणाला आणि थांबला. "ते दिवसभर चालूच असतं."

"नशीबवान आहात. बाकी घराघरांत टीव्ही बोंबलत असतो. आणि कुत्र्याचं वावडं नाही ना त्यांना?"

"आईला कुत्री फार आवडायची," तो म्हणाला.

मी सातव्या प्रश्नासमोर लिहिलं, सासूबाई पूर्ण वेळ घरी, एकटं राहण्याचे तास शून्य. राहता राहिल्या सह्या. शिपायाच्या रजेच्या अर्जावर तारीख नसली तरी तो परत पाठवणारी मी. पण जपाला बसलेल्या बाईला सहीसाठी उठवायचं कसं? तेवढा उर्मटपणा माझ्यातही नव्हता. "आईंची सही मागाहून घेऊ," मी म्हणाले. निघताना पडद्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हटलं, "येते हो, ताई!" आत जप चालूच राहिला. केतकी खाली मान घालून कपबशा गोळा करत होती. हृषीकेश मला लिफ्टपर्यंत सोडायला आला आणि लिफ्टचं दार लागेपर्यंत माझ्याकडे बघत उभा राहिला. मुलावर चांगले संस्कार आहेत, असं वाटलं मला.

पुढच्या रविवारी सुंठी त्यांच्या घरी गेली. मी दर आठवड्याला फोन करत होते. "खाते," केतकी सांगायची, "हृषीच्या मागे मागे असते." मी म्हणायची, "आईंना माझा नमस्कार सांगा," आणि फोन ठेवायची. उत्तराची वाट बघायची मला कधी गरज वाटली नाही.

पण ती राहिलेली सही मला टोचत होती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी त्या बाजूला काम निघालं. डब्यात ताईंसाठी मऊ तिळाच्या वड्या घेतल्या, पिशवीत फॉर्म घेतला आणि न कळवता गेले. सकाळचे अकरा वाजले होते. सहाव्या मजल्यावर सामसूम होती. मी बेल वाजवली.

आतून जप ऐकू येत होता. आणि दाराच्या खालच्या बाजूला काहीतरी खरवडल्याचा आवाज.

"ताई, मी उपासनीबाई! जरा दार उघडता का?"

खरवडणं थांबलं. मग दुप्पट जोरानं सुरू झालं.

"सुंठी," मी हाक मारली. आतून कण्हल्यासारखा आवाज आला. मी पुन्हा बेल वाजवली. चार वेळा, पाच वेळा. जप एका सुरात चालला होता. आणि मग माझ्या डोक्यात आलं. या बाई आत पडल्या असणार. पाय मोडला असेल, उठता येत नसेल, म्हणून पडल्या जागी देवाचं नाव घेतायत आणि मुकं जनावर दार ओरबाडून सांगतंय. समोरच्या शेजाऱ्यांच्या दाराला कुलूप. वॉचमन खाली. मी हृषीकेशला फोन लावला.

"हृषीकेश, मी उपासनीबाई बोलतेय. तुमच्या दारात उभी आहे. तुमच्या आई दार उघडत नाहीयेत!"

मागे यंत्रांचा आवाज येत होता.

"ऐकताय ना? आतून त्यांचा आवाज येतोय, पण त्या उठत नाहीयेत. पडल्या असतील. सुंठी सारखं दार खरवडतेय. किल्ली घेऊन लगेच या!"

"आई?" तो म्हणाला.

तसा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. एका क्षणापुरतं त्या माणसाला वाटलं होतं की मी खरं सांगतेय. मग यंत्रांचा आवाज मागे पडला. तो कुठेतरी बाहेर येऊन उभा राहिला असावा.

"बाई, आई देवाघरी गेली," तो म्हणाला. "श्रावणातच. केतकीनं सांगितलं होतं तुम्हाला."

"देवघरी म्हणाली होती ती!"

"देवाघरी म्हणाली होती."

फोन बंद झाला. मी तिथेच पायरीवर बसले. देवघरी, देवाघरी. एका कान्याचा फरक. चौतीस वर्षं लोकांच्या अर्जांतले काने-मात्रे सुधारले मी. आणि आत्ता त्याच्या कामाच्या जागी फोन करून त्याला सांगितलं होतं की तुझी आई दार उघडत नाहीये. मला स्वतःची इतकी लाज वाटली की कोणी जिना चढून येऊ नये एवढंच मी मागत होते. दाराच्या फटीतून सुंठीचं नाक दिसत होतं. मी तिच्याशी काहीबाही बोलत राहिले.

तो पंचवीस मिनिटांत आला. घामाघूम, अंगावर कारखान्याचा डगला. माझ्याकडे न बघता त्यानं किल्लीनं लॅच उघडलं.

दाराला आतून खाली प्लायवूडचा तुकडा ठोकला होता. तोही ओरबाडून ओरबाडून पांढरा पडला होता आणि त्यावर रक्ताचे ओघळ होते. सुंठीच्या पुढच्या पायांना कोणीतरी मायेनं पट्ट्या बांधल्या होत्या. त्या तिनं दातांनी सोडून टाकल्या होत्या. ती भुंकली नाही. नुसती त्याच्या पायांत शिरून थरथरत राहिली.

मी पडदा सरकवला. खाटेवर ताणून घातलेली चादर. भिंतीवर देवांची फळी, तिच्या शेजारी एका हसऱ्या बाईचा फोटो आणि त्याला चंदनाचा हार. खालच्या सॉकेटमध्ये तळहाताएवढी प्लास्टिकची डबी खोचलेली होती, बारीक लाल दिव्याची. ती जप करत होती.

बाहेर आले तर तो फरशीवर बसला होता आणि सुंठी त्याच्या मांडीवर.

"मला त्याच वेळी थांबवलं का नाहीत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "कुत्रं पाहिजे म्हणून? एवढ्यासाठी?"

"केतकी सांगणार होती तुम्हाला. लिफ्टपर्यंत धावत येणार होती. मीच नको म्हटलं."

"का?"

तो बराच वेळ सुंठीच्या कानावरून हात फिरवत राहिला.

"तुम्ही म्हणालात, बसू देत, उठवू नका. आणि जाताना आत बघून 'येते हो, ताई' म्हणालात." त्यानं डोळे पुसले, लपवले नाहीत. "आई गेल्यापासून तिला कोणी हाक मारली नव्हती, बाई. येणारा जाणारा फोटोला हात जोडायचा. तुम्ही एकट्याच अशा आलात की ज्यांच्या लेखी आई आत बसली होती. मला ते मोडवेना. केतकीला म्हटलं, राहू दे. एका माणसाच्या लेखी तरी असू दे."

आत डबीचा जप चालूच होता.

"ही डबी तिचीच," तो पुढे म्हणाला. "मी ती बंद केलेली नाही. वाटलं, घरात आवाज असला की सुंठीला वाटेल कोणीतरी आहे. पहिले आठ दिवस आम्ही आळीपाळीनं रजा काढली. मग मी जेवणाच्या सुट्टीत येऊन जायचो. ती भुंकत नाही हो, म्हणून वाटायचं, होईल सवय. हिच्या पट्ट्या केतकी रोज बदलते आणि रोज रडते. परत आणून देऊ म्हणायची, मीच आज-उद्या करत होतो. आई गेल्यावर मी घरात तोंडच उघडत नव्हतो. हिच्याशी बोलायला लागलो."

मला वाईट वाटलं. खूप वाटलं. पण समोर ते पंजे होते. आणि खरं सांगायचं तर नुसते पंजेच नव्हते. चूक माझी होती आणि त्या घरात उभं राहून ती मला सोसत नव्हती. मला लवकरात लवकर तिथून निघायचं होतं.

"मी हिला घेऊन जाते," मी म्हणाले. "नियम आहे."

"न्या," तो म्हणाला. "लागलंय तिला." त्यानंच उठून पट्टा आणला, त्यानंच तो तिच्या गळ्यात अडकवला. लिफ्टपाशी म्हणाला, "दुसरीकडे द्यायच्या आधी मला एकदा सांगाल?"

"बघते," मी म्हणाले. शाळेत ऑफिसच्या खिडकीशी उभ्या असलेल्या पालकांना म्हणायची तसं.

निवाऱ्यात दोन दिवस सुंठीच्या पंजांचं ड्रेसिंग केलं. तिसऱ्या दिवशी मनाचा हिय्या केला आणि सिडकोत खैरनार सिस्टरांकडे गेले. दुसरा मजला, समोरासमोर दोन घरं. दोन्हींची दारं सताड उघडी, दोन्हींना एकसारखे जाळीचे पडदे. एका घरात शिलाई मशीन चाललं होतं. सिस्टर सुट्टीवर होत्या.

"तुम्ही तेव्हा काहीतरी सांगत होतात," मी म्हणाले. "बारा तासांच्या पुढचं."

"सांगत होते," त्या म्हणाल्या. "की समोर शकीलाभाभी आहेत, दिवसभर मशीनवर बसलेल्या असतात, आणि आमची दोन घरं म्हणजे एकच घर आहे. भाभींना विचारूनच आले होते मी. तुम्ही मला खरं बोलल्याची शाबासकी दिलीत. मग माणूस पुढे काय बोलणार?"

मी त्यांना सुंठीबद्दल सगळं सांगितलं. माझ्या चुकीसकट सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच असेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चप्पल घालून माझ्याबरोबरच निघाल्या. संध्याकाळी सुंठी त्या मशीनखाली चिंध्यांवर झोपली होती. पुढची आठ वर्षं ती त्या दोन घरांत मिळून राहिली आणि तिची नखं पुन्हा कधी निघाली नाहीत. हृषीकेशला कळवायचं होतं, हे मला त्या दिवशी आठवलंही होतं. पण त्याचा आवाज पुन्हा ऐकायचा मला धीर होईना. म्हटलं, चार दिवसांनी करू.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, तो आला. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. खुर्चीवर न बसताच त्यानं माझ्यासमोर फॉर्म ठेवला. जुन्या फॉर्मची कोरी झेरॉक्स काढून एकोणीसच्या एकोणीस उत्तरं सुवाच्य अक्षरात लिहिली होती. खाली दोन सह्या.

"शिफ्ट बदलून घेतली, बाई," तो म्हणाला. "सेकंड घेतली. मी आता सव्वादोनला निघतो. केतकीनं मॅनेजरना विचारलंय, ते तिला पंधरा मिनिटं लवकर सोडणार आहेत. म्हणजे ती सहाला घरी. पावणेचार तास होतात. चारच्या आत बसतं."

मी फॉर्मकडे बघत राहिले. त्याच्याकडे बघायची सोय नव्हती.

"सुंठी काल गेली," मी म्हणाले.

"कुठे?"

"एका सिस्टरांकडे. तिथे समोरासमोर दोन घरं आहेत. कोणी ना कोणी असतंच."

"पंजे?"

"सुकतायत."

"मग बरं झालं," तो म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं. मला बोल लावला असता तर फार बरं झालं असतं.

"शिफ्टचं काय करणार आता?" मी विचारलं.

"आता सहा महिने बदलून मिळत नाही. बघू. साडेनऊला केतकी गेली की सव्वादोनपर्यंत घरी मीच." तो कसंनुसं हसला. "येतो, बाई."

तो गेटकडे चालत गेला आणि मी खुर्चीत तशीच बसून राहिले. त्याला कळवलं नाही, शब्द पाळला नाही, एवढंच डोक्यात घोळत होतं. माझी चूक, माझी चूक, हेच चाललं होतं. माझ्यामागच्या पिंजऱ्यांत तेव्हा अकरा कुत्री होती. त्यांतली तीन तरी म्हातारी, गरीब स्वभावाची, दिवसभर कोणाच्या तरी पायाशी पडून राहायला मिळालं तर स्वर्ग मिळाला म्हणणारी. सकाळभर घरी असलेला, कुत्र्याशी बोलणारा माणूस त्यांच्यासाठी मी वर्षभर शोधत होते. तो आता माझ्या टेबलासमोर येऊन, फॉर्म भरून, उभ्या उभ्या परत गेला होता.

हे डोक्यात आलं तेव्हा त्याची स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. मी पळाले, साठीच्या बाईनं पळावं तशी, चपलेविना. हाका मारल्या. स्कूटर फाट्याकडे वळून गेली.

संध्याकाळी फोन केला. त्यानं उचलला नाही. दुसऱ्या दिवशी केला, तिसऱ्या दिवशी केला. शेवटी केतकीच्या बँकेत फोन लावला. मी अधीरपणे सगळं सांगून टाकलं. तीन कुत्री आहेत, कुठलंही न्या, आजच या, फॉर्मसुद्धा नको.

पलीकडे ती काही वेळ बोललीच नाही. या वेळी मी तिचं वाक्य पुरं केलं नाही. थांबले.

"तो घरी आला तेव्हा मी त्याला हेच विचारलं होतं," ती म्हणाली. "बाईंनी दुसरं कुठलं दाखवलं का? म्हणाला, नाही. म्हणाला, आपल्याला आता द्यायचंच नसेल त्यांना, आणि बरोबरच आहे त्यांचं."

"तसं नाही हो केतकी, मला तेव्हा सुचलंच नाही."

"मी सांगते त्याला," ती म्हणाली.

तिनं सांगितलं असेल. पण तो पुन्हा आला नाही.